शंभर वस्तूंची यादी

सिंधुबाईंच्या मेसमध्ये मी चार वर्षं जेवलो. लातूरच्या एका क्लासमध्ये तेव्हा मी फिजिक्स शिकवत होतो. दुपारी दोन ते चार एवढाच वेळ मोकळा मिळायचा, म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी जेवायला जायचो. पोरं जेवून गेलेली असायची. बाई माझं ताट वाढून देत आणि मग भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून खाली बसत. चाळीस-पंचेचाळीस पोरांच्या पोळ्या लाटून हात खांद्यापासून गळालेले असत. त्या बसल्या की बोलत. फार नाही, थोडं थोडं. त्यांनी सांगितलेलं आणि पुढे मी डोळ्यांनी पाहिलेलं इथं लिहून ठेवतो आहे.

सिंधुबाई मुखेडच्या. वडिलांचं, मलप्पांचं, एस.टी. स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. सातवी झाली आणि बाई हॉटेलात कपबशा विसळायला बसल्या. बसल्या बसल्या स्टँडवरच्या सगळ्या गाड्या पाठ झाल्या. देगलूरची किती वाजता, उदगीरची कुठली गाडी बाजारच्या दिवशी उशिरा येते, नांदेडची शेवटची कधी सुटते. लोक स्टँडवरचा फळा वाचायचं सोडून पोरीला विचारत. तिचं कधी चुकत नसे.

रामकिशन तिथं चहाला यायचे. जवळच्याच खेड्यातले. माळेगावच्या यात्रेत आलेल्या एका जादूगाराच्या कंपनीबरोबर ते घर सोडून गेले होते आणि सहा वर्षं तंबू ठोकायचं, खुर्च्या मांडायचं काम करून परत आले होते. तंबू ठोकता ठोकता त्यांनी तो सगळा हुनर उचलला होता. पण त्यातला सगळ्यात मोठा खेळ एकट्यानं करता येत नव्हता. त्याला दुसरं माणूस लागत होतं, आणि त्या माणसाचं डोकं या पोरीसारखं लागत होतं. त्यांनी तिला एकदा गंमत म्हणून वीस शब्द भराभर ऐकवले. तिनं कप विसळत ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले, मग शेवटापासून उलटेही म्हटले. महिन्याभरात रामकिशननी मलप्पांकडे सोयरिकीचं बोलणं काढलं.

मलप्पा म्हणाले, "पोरगी तमाशात न्हाई धाडणार मी."

"तमाशा न्हाई मामा. डोक्याचं काम हाय. डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसायचं, बस्स."

ऐंशी साली लग्न झालं.

तो खेळ असा होता. सिंधुबाई डोळ्यांवर काळी पट्टी बांधून स्टेजवर खुर्चीत बसायच्या. रामकिशन खाली लोकांत फिरायचे. कुणी खिशातून काही काढून त्यांच्या हातात द्यायचं, ते विचारायचे आणि बाई लांबून वस्तू ओळखायच्या. लोकांना वाटायचं, नवऱ्याच्या मनातलं बायकोला कळतं. खरी गोष्ट विचारण्याच्या शब्दांत होती. दहा शब्द, दहा आकडे. 'हं' म्हणजे एक, 'बोल' म्हणजे दोन, 'सांग' म्हणजे तीन, 'बघ' चार, 'आता' पाच, आणि असं पुढे शून्यापर्यंत. आणि लोकांच्या खिशात, पिशवीत, अंगावर सापडणाऱ्या शंभर वस्तूंची एक यादी. बारा नंबरला कंगवा. तेरा नंबरला किल्ली. पस्तीसला एस.टी.चं तिकीट. रामकिशन म्हणाले, "हं, बोल, काय हाय माझ्या हातात?" की एक आणि दोन, बारा, कंगवा. नोटेचा नंबरसुद्धा असाच एकेक आकडा करून जायचा. लोक रामकिशनच्या हाताकडे बघत, बाईंच्या पट्टीकडे बघत, खुर्चीखाली वायर शोधत. रामकिशन काय बोलतात ते सगळ्यांना ऐकू येत असायचं, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नसे.

हे पाठ करायला दीड वर्ष गेलं. त्या भाकरी थापायच्या आणि रामकिशन अंगणातून एकेक वस्तू विचारायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे पुढे त्यांचं घरातलं बोलणंच बिघडून गेलं. रामकिशन साधं म्हणाले, "बोल, आता का गप बसलीस?" तरी बाईंच्या डोक्यात पंचवीस नंबर, चष्मा. "आम्ही दोघं भांडाया लागलो ना सर," त्या मला म्हणाल्या, "तर माझ्या डोक्यात नुसता बाजार मांडायचा. रुमाल, कुलूप, तपकिरीची डबी. रडावं का हसावं कळायचं न्हाई. मग मी गपच बसायची."

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. लोकांनी मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून घडी घालून पिशवीत टाकायचा. रामकिशन एक चिठ्ठी न उघडता कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, कुणीतरी विचारलंय, माझी बदली होईल का? मागून एक माणूस उठायचा, "हाव, माझीच!" हा माणूस आधी ठरवलेला. शाळेचा शिपाई नाही तर दुपारी ज्याच्याकडे चहा घेतला तो. मग ते चिठ्ठी उघडून खात्री केल्यासारखं बघायचे. पण हातातली चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची तरी असायची आणि त्यांनी ती वाचून घेतलेली असायची. पुढची चिठ्ठी कपाळाला लावली की हा वाचलेला प्रश्न सांगायचा. कायम एक चिठ्ठी पुढे राहायचं. एवढंच त्यातलं गुपित.

बारा-तेरा वर्षं दोघं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत फिरले. शाळा, कॉलेजची गॅदरिंगं, साखर कारखान्यांच्या कॉलन्या, गणपतीची मंडळं. सगळीकडे लोकांची तीच तऱ्हा. मास्तर लोक पकडायला बघायचे, विचित्र वस्तू काढायचे. बाया तोंडाला पदर लावून बसायच्या. तरणी पोरं शिट्ट्या मारायची आणि पाचव्या वस्तूला गप व्हायची. सुरुवातीलाच रामकिशन हात जोडून सांगायचे, "हा हातचलाखीचा आन् पाठांतराचा खेळ हाय. यात देव न्हाई, भूत न्हाई. कुणी पाया पडू नका." लोकांना वाटायचं, माणूस किती नम्र आहे. खेळ संपला की पाच-सहा जण मागच्या बाजूला थांबलेले असायचेच. एकाची म्हैस हरवलेली, एकाच्या पोरीला स्थळ मिळत नाही. बाई म्हणायच्या, मला काही येत नाही. ते म्हणायचे, खरी विद्या असलेला माणूस असंच म्हणतो.

"दहातल्या तीन वस्तू आमच्या चुकायच्या," बाई सांगत. "घरी जाताना लोकांना त्या तीन आठवायच्या न्हाईत. सातच आठवायच्या. दुसऱ्या दिवशी गावात दहाच्या दहा झालेल्या असायच्या."

त्र्याण्णव साली गणपतीत त्यांचे खेळ निलंग्याच्या भागात होते. तेरणेकाठच्या एका गावात आठव्या दिवशी खेळ झाला. त्या गावाचं नाव बाई घेत नसत. अनंत चतुर्दशीला निलंग्यात शेवटचा खेळ करून ते तिथल्याच एका शाळेच्या व्हरांड्यात झोपले, आणि पहाटे जमीन हलली. व्हरांड्याचे पत्रे वाजले, बाहेर ओरडाआरडा झाला, ते दोघं मैदानात पळाले. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. उजाडल्यावर एकेक बातमी येत गेली. तेरणेकाठची घरं दगडमातीची, भिंती हात-दीड हात रुंद. आठव्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यातली किती माणसं राहिली, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढे तीन महिन्यांनी बाहेरून आलेल्या एका संस्थेची माणसं रामकिशनना शोधत आली. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहताहेत, पोरं घाबरून बसलेली असतात, कुणी हसत नाही. तुम्ही खेळ करा. बाईंचं मन होत नव्हतं. रामकिशन म्हणाले, "पोरं हसली तर हसली. आपल्याला दुसरं काय देता येतंय?"

जानेवारीतली दुपार होती. शेडच्या रांगांमध्ये ताडपत्री अंथरली होती. बाई पट्टी बांधून बसल्या. पहिल्या चार-पाच वस्तू नीट गेल्या. पोरं हसली, एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मग बाईंना रामकिशनचा आवाज ऐकू येईना. एरवी ते सारखे बोलत राहायचे, लोकांची थट्टा करायचे.  मग ते हळू आवाजात म्हणाले, "हं, सांग."

एक आणि तीन. "किल्ली," बाई म्हणाल्या.

एक म्हातारा आवाज आला. "हाव, किल्लीच हाय. माझ्या नातवाच्या पेटीची. तू आमच्या गावाला आली व्हतीस, त्याचा कंपास वळखला व्हतास. आता तो कुठं हाय सांग. सगळ्यांचे देह घावले, त्याचा न्हाई घावला."

तिचं नाव केवळाबाई.   रामकिशनच्या दहा शब्दांत हे बसत नव्हतं. बाईंनी पट्टी काढली. समोर शंभर-दीडशे माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि पोरांपेक्षा मोठी माणसं जास्त पुढे सरकलेली होती.

"मावशी, मला दिसत न्हाई," बाई म्हणाल्या. "मालक जे शब्द बोलतात त्यावरून मी वळखते. 'हं' म्हणजे एक..." त्यांनी तिथंच सगळं फोडून सांगायला सुरुवात केली.

केवळाबाईंनी मान हलवली. "लपवू नको लेकी. वंगाळ दिसलं म्हणून सांगंना झालीस."

बाईंनी पुन्हा सांगून बघितलं. म्हातारी तशीच उभी. किल्ली पुढे धरलेला हात खाली येईना. किती वेळ गेला ते बाईंना सांगता यायचं नाही. शेवटी त्या खुर्चीवरून उठल्या, खाली उतरल्या, ती किल्ली हातात घेतली आणि म्हणाल्या, "झोपेत गेला मावशी. त्याला कायबी कळलं न्हाई."

केवळाबाईंनी किल्ली परत घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "मला तेवढंच इचारायचं व्हतं," म्हणाल्या आणि आपल्या शेडकडे निघून गेल्या.

मग लोक उठले. कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या हातात फोटो, कुणाकडे पितळी तांब्या. एकोणीस जण झाले त्या दिवशी. बाईंनी एकोणीस वेळा तेच वाक्य सांगितलं.

परतताना एस.टी.त रामकिशन खिडकीकडे तोंड करून बसले. तोंड न वळवता म्हणाले, "आजवर आपण लोकांना फसवलं, पण सांगून फसवलं. आज तू न सांगता फसवलंस."

"मी सांगितलं व्हतं. कुणी ऐकलं?"

"तरी."

"मग काय सांगायचं व्हतं? तुम्ही सांगा ना. आता सांगा, म्हणजे पुढच्या टायमाला तेच सांगते."



पुढचा टाईम आला. नाही कसा येणार? बाईची बातमी शेडाशेडांतून गेली होती. निलंग्यात त्यांनी एक खोली घेतली होती, तिथं लोक येऊ लागले. कुणी ट्रॅक्टरनं यायचं, कुणी पायी. चार महिने रोज. बाई पैसे घेत नसत, कुणी भाजी ठेवून जायचं, कुणी शेंगा. त्यांना आता माणसं वाचायची सवय झाली. आधी समोरच्याला बोलू द्यायचं. तो जे बोलेल त्यातलंच थोडं उचलून, जरा वेळानं, जरा फिरवून त्याला परत द्यायचं. त्याला वाटायचं, बाईनं न सांगता ओळखलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "ऐकणारं कुणी नव्हतं सर त्यांना," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्याच घरचं गेलेलं. कुणी कुणाचं ऐकायचं? मी ऐकत व्हते, म्हणून मी देव."

रात्री झोप लागायची नाही आणि दिवसा बसल्या जागी डोळे मिटायचे. लोक म्हणायचे, बाईंची तंद्री लागलीय, आतलं बघून राहिल्या.

मग रेवणप्पा आले. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी, हातात काहीच नाही. दुसऱ्यांसारखी वस्तू आणली नव्हती. बायको गेली म्हणाले. बाईंनी थोडं थांबून नेहमीचं वाक्य सांगितलं, झोपेत गेल्या, काही कळलं नाही.

रेवणप्पा रागावले नाहीत. "न्हाई बाई," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुपारपस्तोर आवाज येत व्हता तिचा. मी दगडं उपसून राहिलो व्हतो. इकडं हाय, इकडं, म्हणायची. मग थांबला आवाज."

 बाई म्हणाल्या, "मग तुम्ही माझ्याकडं कशाला आलात?"

"शेवटाला ती कायतरी म्हणली. मला नीट ऐकू आलं न्हाई. लोक म्हणले तुमाला कळतंय, म्हणून आलो."

त्या दिवशी सिंधुबाईंनी त्या माणसाला सगळं सांगितलं. दहा शब्द, शंभर वस्तू, चिठ्ठ्या, माणसाचंच बोलणं त्याला परत कसं द्यायचं ते. आणि हेही सांगितलं की चार महिने मी सगळ्यांना एकच वाक्य सांगते आहे. रेवणप्पांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस, असं बाई म्हणत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी टोपी नीट केली. "मग ठीक हाय," म्हणाले. पाणी प्याले आणि गेले.

दुसऱ्या आठवड्यात दोघांनी निलंगा सोडलं. पट्टी, पिशवी, पेटी, सगळं मुखेडला मलप्पांकडे टाकलं आणि ते लातूरला आले. रामकिशनना एका होस्टेलवर वॉचमनचं काम मिळालं. बाईंनी चार पोरांचे डबे करायला घेतले.

लातूर तेव्हा बदलत होतं. बोर्डाच्या यादीत इथली पोरं चमकत होती आणि सगळ्या मराठवाड्यातून आईबाप पोरांना इथं आणून सोडत होते. गल्लीगल्लीत क्लास झाले, जिन्याखालीसुद्धा पोरं भाड्यानं राहू लागली. चार डब्यांचे वीस झाले, मग मेस झाली. चौदा वर्षं दोघांनी खेळाचं नाव काढलं नाही.

मी ज्या क्लासमध्ये होतो त्याचे मालक मार्तंड सर. शिकवायचे उत्तम, पण त्यांचं अर्धं डोकं कायम पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनमध्ये असायचं. कुणीतरी त्यांना रामकिशनचा जुना खेळ सांगितला. दोन हजार आठच्या मे महिन्यात त्यांनी रामकिशनना बोलावून घेतलं. पालक मेळाव्यात तुम्ही तोच खेळ करायचा. फक्त जादू म्हणायचं नाही. एकाग्रता म्हणायचं. आमच्या स्मरणतंत्रानं हे जमतं, असं मी माइकवर सांगेन, तुम्ही नुसती मान हलवा.

मला वाटलं होतं रामकिशन नाही म्हणतील. ते हो म्हणाले. साठीला आले होते, गुडघे गेले होते, वॉचमनची खुर्ची त्यांना नकोशी झाली होती. पुन्हा एकदा लोकांत फिरायला मिळेल, एवढंच त्यांना दिसत होतं.  तिसऱ्या दिवशी बाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "करू. एवढी पोरं झोप मोडून पाठ करतात, माझं काय जातंय."

मी हॉलमध्ये मागे उभा होतो. चारशे पालक. बाईंच्या डोळ्यांवर पट्टी. रामकिशन गुडघा धरत धरत रांगांमधून फिरले आणि खेळ अगदी नीट झाला. चौदा वर्षांनंतर दोनच वस्तू चुकल्या. पण लोक हसले नाहीत. शिट्टी नाही, टाळी नाही, वायर शोधायला कुणी वाकलं नाही. बायाबापड्यांनीसुद्धा वह्या काढल्या होत्या. शेवटी एका पालकानं हात वर केला आणि विचारलं, "हा कोर्स फीमध्येच आहे का वेगळा?"

माझ्या बॅचला मनस्विनी नावाची एक मुलगी होती. नांदेडची, वडील शाळेत शिक्षक. मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसली होती, बाईंकडेच जेवायची. ती हॉलमध्ये खुर्च्या लावायला आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवत असताना ती मेसमध्ये आली. हातात वहीचं पान होतं.

"काकू, 'आता' म्हणजे पाच ना?"

बाईंनी वर बघितलं.

"'बोल' दोन, 'आता' पाच. काकांनी नोटेचे नंबर विचारले तेव्हा मी लिहून घेतलं. वस्तूंची यादी मला नाही जमली, पण आकडे दहाही निघाले."

सिंधुबाईंना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं, यादी कशी लावलेली असते ते सांगितलं, तिच्याकडून दहा वस्तू म्हणवून घेतल्या. पोरीचा चेहरा खुलला होता. मग वहीच्या पानाची घडी घालत म्हणाली, "काकू, मग माझं काय होईल ते सांगा ना."

"अगं, तूच तर आत्ता सगळं फोडलंस."

"हो. ते खेळाचं झालं. पण तुम्हाला कळत असेल ना थोडं तरी."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. "मला न्हाई माहीत, मनू," म्हणाल्या. "खरंच न्हाई माहीत. पण तुला हे असलं आकड्याचं करायला आवडतंय, एवढं मी आत्ता बघितलं. बेडकं फाडायचं बोलतीस तेव्हा असं तोंड नसतं तुझं." पोरगी तिथंच रडायला लागली. मी ताटावरून उठलो.

पुढच्या रविवारी दुसरा मेळावा होता. बाई खुर्चीत बसल्या, रामकिशननी पहिली वस्तू विचारली आणि बाईंनी पट्टी काढून टाकली. माइक जवळ ओढला. "ही एकाग्रता न्हाई," त्यांनी सांगितलं. "हे दहा शब्द हायेत. हं म्हणजे एक, बोल म्हणजे दोन." त्यांनी दहाच्या दहा सांगितले. मग शंभर वस्तूंची यादी पहिल्यापासून म्हणायला घेतली. मला वाटलं, आता गोंधळ होणार. मी मार्तंड सरांकडे बघितलं. तेही घाबरले होते. पण यादी तीस-चाळीसच्या पुढे गेली आणि हॉलमधले लोक टाळ्या वाजवू लागले. शंभरपर्यंत बाई अडखळल्या नाहीत आणि टाळ्या थांबल्या नाहीत. मार्तंड सरांनी तेवढ्यात माइक घेतला. "सातवी शिकलेली ही माउली, वय शेहेचाळीस! शंभर शब्द क्रमानं! तर तुमची मुलं काय करतील?"

त्या वर्षीच्या क्लासच्या पत्रकावर बाईंचा फोटो छापला होता. पट्टी हातात, तोंड उघडं.

मेसकडे परत जाताना मी दोघांबरोबर चाललो. ऊन चांगलंच होतं. रामकिशन रागावतील असं मला वाटत होतं, पण ते म्हणाले, "बरं केलंस." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ऐकलं मात्र कुणी न्हाई."  बाईंना संध्याकाळची कणीक मळायची होती.

मनस्विनीचा मेडिकलला नंबर लागला नाही. तिसऱ्यांदा बस म्हणून घरचे खूप धरून बसले. तिनं नांदेडला बी.एस्सी.ला गणित घेतलं. आता तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. मी पुढच्या वर्षी तो क्लास सोडला आणि औरंगाबादला गेलो.

रामकिशनना दोन हजार बारा साली लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. दोन वर्षं ते अंथरुणावर होते. त्यांना काय हवं ते कळायचं नाही, पाणी द्यावं तर पांघरूण हवं असायचं, असं बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. मग ते गेले. बाईंनी मेस चालू ठेवली. सोळा साली लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, पोरं घरी गेली, मेस बंद पडली ती बंदच राहिली. धाकटा भाऊ भारत नांदेडला रेल्वेत होता, तो येऊन त्यांना घेऊन गेला.

दोन वर्षांपूर्वी नांदेडला गेलो तेव्हा भेटलो. भारतच्या घरामागे एक खोली आहे. बाई झोपल्या होत्या. दुपारचे चार वाजत आले होते. मी थांबतो म्हटलं. भारतची बायको म्हणाली, "त्या लई झोपतात. आम्ही उठवत न्हाई." तासाभरानं त्या बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. इथं शेजारी कुणाला काही माहीत नाही म्हणाल्या, आपण सांगितलंही नाही. कुणी काही विचारायला येत नाही.

"बरं वाटतं का इथं?" मी विचारलं.

"बरं हाय. थकवा जात न्हाई तेवढा."

मग त्यांनी माझं घरचं सगळं विचारलं. मुलगा कितवीला, गुडघे दुखतात का. मी सांगत गेलो आणि त्या ऐकत बसल्या. भारतची बायको चहा घेऊन आली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं.